निळ्या सुताची बरणी

रेवणप्पाच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मासा शिवला नव्हता, खाणं तर दूरच. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सोमवारी कांदासुद्धा वर्ज्य. अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी, तर सोलापुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माशांची बडदास्त ठेवायची. कागदोपत्री तो लॅबोरेटरी अटेंडंट होता. पोरं त्याला रेवणमामा म्हणत, ऑफिसातले कारकून ‘ओ मासेवाले’ म्हणून हाक मारत, आणि तो दोघांनाही सारखंच हसून ‘जी’ म्हणे. पोटापाण्याच्या गोष्टीत लाजून कसं चालेल? सात रस्त्याच्या मागं एका चाळीत त्याच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी भिंतीला सायकल टेकवली की बायको उंबऱ्यातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे. हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत धुतल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती.

बायकोचं नाव केराबाई. ती रेवणप्पाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची लेक. पुण्या-मुंबईचा माणूस हे ऐकून भुवया उंचावतो. खुशाल उंचावू दे. अक्कलकोटच्या अंगाला भाचीवर पहिला हक्क मामाचा. मामानं तो सोडला तर लोक विचारतात, पोरीत काय खोट आहे? लग्नानंतरही केराबाई नवऱ्याला ‘मामा’च म्हणे. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा बघितली, त्याला ती दुसरं काय म्हणणार होती?

बहिणीचं नाव निंगव्वा, पण रेवणप्पाला ती नुसती अक्का. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि अक्का तेरा वर्षांची. पुढं तिचं लग्न झालं, तेही तिच्या मामाशीच, तेव्हा नांदायला जाताना तिनं एका हातात ट्रंक घेतली आणि दुसऱ्या कडेवर भावाला. सासरी कुणी काही म्हटलं नाही, कारण सासर म्हणजे आजोळच होतं. सासूला ती आजी म्हणायची. अक्काची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली तिचं नाव केरा ठेवलं, कारण केरकचऱ्याकडं मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. ती जगली. तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी मडिवाळप्पा झाला, तोही जगला. आणि मग अक्कानं, हाताखाली वाढवलेल्या भावाला, हाताखाली वाढवलेली लेक देऊन टाकली. तिच्या जिवाची ती दोन माणसं एका चुलीशी आली, याचं तिला कोण समाधान.

रेवणप्पाला पहिली मुलगी झाली, महादेवी. ती हुशार, काटक, चाळीतल्या पोरांना पळण्यात हरवणारी. तिच्यानंतर बसवराज झाला. गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा. चौथा महिना लागला तरी मान धरेना. मांडीवर घेतलं की मान मागं जायची. पाचव्या महिन्यात हातापायांतला जोर गेला, नंतर दूध गिळवेना, आणि सातव्या महिन्यात तो गेला. तीन वर्षांनी दुसरा झाला. त्याचं नाव कल्लप्पा ठेवलं. कानडीत कल्लू म्हणजे दगड, दगडासारखा टिकावा म्हणून. तो आठ महिने टिकला. त्याचीही मान तशीच होती. डॉक्टरांनी शक्तीची औषधं दिली, गावाकडच्यांनी अंगारे दिले, आणि केराबाईला कुणीतरी सांगितलं की बाळंतपणाच्या वेळी बोललेला नवस तू फेडला नाहीस, सिद्धेश्वराचा कोप आहे. नवस कुठला ते तिला आठवेना. तरी तिनं सोमवार धरले, निर्जळी. बारा वर्षं एकही सोमवार चुकला नाही. कल्लप्पानंतर तिला मूल झालं नाही, आणि तिनं ते मागितलंही नाही.

आता मासे. एकाहत्तर साली प्रयोगशाळेत घाडगे सर आले. मूळचे करकंबचे, शेतकऱ्याचा मुलगा, अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेले. येताना त्यांनी लोकांसारखा ट्रान्झिस्टर आणला नाही. पत्र्याच्या डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळून माशांची अंडी आणली. त्यांतून निघालेला मासा म्हणजे बोटाएवढा, मातकट, शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका. दिसायला कवडीमोल. पण सरांनी रेवणप्पाला पहिल्याच दिवशी समोर बसवून त्याची करामत सांगितली. या माशात नर-मादी वेगळे नसतात. एकाच पोटात आईही आणि बापही. अंडं आतल्या आतच फळतं आणि मग बाहेर पडतं. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या असं चालत राहिलं की आई, लेक, नात, पणती, सगळ्या हुबेहूब एकच. चुकून कधीतरी एखादा नर निपजतो, तोही क्वचितच.

रेवणप्पानं दोन्ही कानांना हात लावले. सर हसले आणि म्हणाले, आपल्याला शोधायचंय ते वेगळंच. एका किनाऱ्यावरचे पाच मासे पकडून त्यांची अंडी मी आणलीत. एकाच किनाऱ्यावर राहणारे हे पाच, सगळे एकाच वंशाचे आहेत का पाच वंशांचे? दिसायला तर सारखेच आहेत.

हे शोधायची रीत अशी, की एका माशाच्या पराचा बारीक तुकडा कापून दुसऱ्याच्या अंगावर बसवायचा. वंश एकच असेल तर तुकडा जीव धरतो. वंश वेगळा असेल तर दहा-बारा दिवसांत काळा पडून गळून जातो. सर भिंगाखाली तुकडा बसवत आणि रेवणप्पा ओल्या कापसात मासा धरून ठेवी. त्याच्या हातात मासा धडपडत नसे. सर म्हणायचे, सात पिढ्या न खाल्ल्याचं पुण्य आहे हे.

हे मासे एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. दीडशे बरण्या झाल्या. चिठ्ठ्या चिकटवाव्यात तर उन्हाळ्यात बरण्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं लागे, त्यानं शाई उतरून जाई. तेव्हा रेवणप्पानं अक्कल चालवली. शेजारचा विणकर चादरीचं उरलेलं सूत टाकून देई, ते त्यानं मागून आणलं आणि प्रत्येक बरणीच्या गळ्याला वंशाचा रंग बांधला. लाल, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा. सोलापूरचा पक्का रंग, पाण्यात पडून राहिला तरी जात नाही. सर खूष झाले. पाचांपैकी लाल आणि काळा एकमेकांचा तुकडा धरत, म्हणजे ते एकाच वंशाचे, बाकीचे वेगळे. एका किनाऱ्यावर चार घराणी, असं रेवणप्पानं त्याचं आपल्या भाषेत करून घेतलं.

आणि इथंच त्याची चूक झाली. चूक म्हणजे काय, माणूस आपल्या कामाचं कौतुक घरी सांगतो, तेवढीच. अक्का सोलापूरला आली की भाकरी खाऊन झाल्यावर म्हणायची, सांग बघू तुझ्या माशाची गोष्ट. तो रंगवून सांगे. असला मासा अक्का, त्याला सोयरीक नको, हुंडा नको, मानपान नको. स्वतःच नवरा, स्वतःच नवरी. परक्याचं रक्त घरात येऊ देत नाही आणि तरी वंश खणखणीत चालतो. अक्का पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. गावी जाऊन ती हीच गोष्ट बायकांना सांगायची, आणि शेवटी म्हणायची, देवानं माशाला जेवढी अक्कल दिली तेवढी माणसाला दिली असती तर बरं झालं असतं.

चौऱ्याहत्तर साली सरांच्या अमेरिकेतल्या मित्रानं त्याच किनाऱ्यावरची आणखी थोडी अंडी पाठवली. त्यांतल्या एका मासळीच्या गळ्यात, म्हणजे बरणीच्या, रेवणप्पानं निळं सूत बांधलं. ही निळी निराळीच निघाली. तिची पिल्लं एकसारखी नव्हती. बहिणी-बहिणीचे तुकडेसुद्धा गळून पडत. आणि तिच्या पिल्लांतली काही जन्मतःच लुळी असत. तळाशी आडवी पडायची, डोकं उचलायला धडपडायची, ते काही उचललं जायचं नाही. आठ-दहा दिवसांत मरायची. सरांनी मोजायला सांगितलं. रेवणप्पा रोज सकाळी मेलेली चिमट्यानं उचलून वहीत रेघ ओढी. एक्केचाळीस पिल्लांत अकरा रेघा झाल्या. पुढच्या खेपेला अडतीसांत नऊ.

सर म्हणाले, चारात एक. हिच्या आईला कुठंतरी नर भेटला असणार, परक्या वंशाचा. त्यांनी यावर लेख लिहायला घेतला, पण एका मासळीवर कोण विश्वास ठेवणार म्हणून तो पेटीतच राहिला. रेवणप्पाला मात्र त्यांनी सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक जिवात प्रत्येक गोष्टीच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. एक वाईट असली तरी दुसरी चांगली तिला झाकून घेते. निळीत अशी एक वाईट चिठ्ठी झाकलेली आहे. तिला काही होत नाही. पण तिच्या पिल्लाचे आई-बाप दोन्ही तीच, मग कुणाकुणाला दोन्हीकडून वाईटच येते. झाकायला काही उरत नाही.

रेवणप्पानं विचारलं, मग लाल-पिवळ्यांत का मरत नाहीत? त्यांच्यात तर कधीपासून हेच चाललंय.

‘‘मरून झालेत,’’ सर म्हणाले. ‘‘केव्हाच. ज्यांच्यात वाईट होतं ते आधीच संपले. आपल्या बरण्यांत उरलेले आहेत फक्त.’’

रेवणप्पानं चिमटा पुसून ठेवला. मग त्यानं इतक्या वर्षांत कुणाला न विचारलेलं विचारलं. माणसाचं पण असंच असतंय का, आणि मामा-भाचीचं लग्न झालं तर. दोन पोरांबद्दल त्यानं सांगितलं, मान कशी मागं जायची तेही सांगितलं. घाडगे सरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, मी माशांचा मास्तर आहे, तुझ्या पोरांचं तसंच झालं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण असू शकतं, एकाच घरची वाईट चिठ्ठी तुम्हा दोघांतही असली तर. तुझ्या बहिणीची दोन गेली म्हणतोस, तर फारच असू शकतं. मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, मीही मामाचीच मुलगी केलीय रे, आणि आमचं ठीक झालं. सगळ्यांचं वाईट होतं असं नाही. रेवणप्पानं मान हलवली आणि बरण्यांना पाणी घालायला उठला.

हे ओझं त्यानं वर्षभर एकट्यानं वाहिलं. केराबाईला सांगून काय मिळणार होतं? गेलेले परत येणार नव्हते. नवस राहिला या समजुतीवर ती निदान उभी तरी होती. पण महादेवी अठरा वर्षांची झाली होती, आणि ती पाळण्यात असतानाच मडिवाळप्पाच्या नावानं तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला गेला होता. मडिवाळप्पा केराबाईचा सख्खा भाऊ, महादेवीचा मामा. निर्व्यसनी, कष्टाळू, तोंडातून वावगा शब्द न काढणारा. पोरगीही नाराज नव्हती. या स्थळाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि रेवणप्पा तर रोज नकाराचं कारण शोधत होता.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर अक्का आली. बरोबर खण, नारळ, सुपारी आणि धपाट्यांची चवड. जेवणं झाली, दुपार कलली, केराबाई आत चहा टाकायला गेली आणि अक्कानं सुपारी पुढं ठेवली. रेवणप्पानं पंधरा दिवस घोकून ठेवलेलं कारण काढलं, की जंगमांनी पत्रिका बघितली, ग्रह जुळत नाहीत. अक्का हसायलाच लागली. आपल्यात कधी पत्रिका बघितली, तिनं विचारलं. मग तो म्हणाला, पोरीला शिकवायचंय. अक्का म्हणाली, मडिवाळप्पा शिकवंल. मग तो म्हणाला, एकदा बाहेरचं रक्त घरात येऊ दे की. तेव्हा तिला जरा लागलं, पण तिनं ते थट्टेवर नेलं.

‘‘तुझा मासा बाहेरचं रगत घेतंय व्हय रं? तूच सांगतूस की, खनखनीत हाय म्हून. मासं मरत्यात का?’’

रेवणप्पा तोलून बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्याचा तोल गेला.

‘‘मरत्यात, अक्का,’’ तो म्हणाला. ‘‘चारात एक मरतंय. मान उचलत न्हाय आन्‌ मरतंय. मी मोजल्यात.’’

केराबाई चहाच्या कपबशा घेऊन दारात उभी होती. तिनं त्या खाली ठेवल्या. एकही सांडली नाही. अक्का म्हणाली, काय बडबडतोयस, लेकरं देवानं नेली. रेवणप्पाचं सगळं लक्ष बायकोकडं होतं, आणि बायको त्याच्याकडं बघत नव्हती. ती भिंतीकडं बघून म्हणाली, मला ते मासे बघायचेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, कॉलेज बंद. रेवणप्पाजवळ किल्ली असायची. ज्या बाईनं वीस वर्षं नवऱ्याच्या हातावर पाणी घातल्याशिवाय त्याला घरात घेतलं नाही, ती बाई डोक्यावर पदर घेऊन प्रयोगशाळेत शिरली. खारट, ओशट वासानं तिला उमासा आला तरी ती थांबली नाही. निळी बरणी कुठली, तिनं विचारलं. निळीच्या पिल्लांच्या पसरट काचेच्या ताटल्या खिडकीशी मांडलेल्या होत्या. रेवणप्पानं एक पुढं सरकवली आणि भिंग दिलं. भिंग कसं धरायचं ते दाखवावं लागलं. तळाशी एक पिल्लू आडवं पडलं होतं. शेपूट हलत होती. डोकं थोडं वर यायचं आणि परत पडायचं.

केराबाई किती वेळ बघत होती कोण जाणे. रेवणप्पाला पायांत कळ आली तरी तो हलला नाही.

‘‘कल्लप्पा असंच करायचा,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडं बघायला.’’

मग तिनं विचारलं, त्यांना कुणाची नजर लागली नव्हती? नाही, तो म्हणाला. माझा नवस राहिला नव्हता? नाही. मग तिनं शेवटचं विचारलं, आणि हे विचारताना तिचा आवाज इतका साधा होता की रेवणप्पाला वाटलं जमीन दुभंगावी.

‘‘म्हंजे आपून दोगं न्हवरा-बायकू झालो, म्हून?’’

रेवणप्पाला खोटं बोलता आलं असतं. सर म्हणाले होते, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तेवढं जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण महादेवीची सुपारी घरात पडली होती, आणि अर्धवट सांगितलं तर अक्का दुसऱ्याच दिवशी साखरपुडा उरकणार होती. तो ‘व्हय’ म्हणाला. त्याच्या उभ्या आयुष्यात इतका जड शब्द त्यानं दुसरा उचलला नव्हता.

घरी येऊन केराबाईनंच आईला सांगितलं की पोरगी तिथं द्यायची नाही. अक्का आधी समजावत राहिली, मग रडली, मग संतापली. भावाला म्हणाली, मी तुला कडेवर घेऊन नांदायला गेले, माझ्या पोराच्या आधी तुझं तोंड भरलं, आणि तू माझ्या घराला सडकं म्हणतोस? माझी दोन गेली ती पण मीच मारली म्हण. रेवणप्पा तिच्या पायांवर पडला. तिनं पाय मागं घेतले. खण आणि सुपारी पदरात बांधून ती निघाली. धपाटी तिथंच राहिली, ती कुणी खाल्ली नाहीत.

पुढच्या सोमवारी दुपारी केराबाईनं ताट वाढून घेतलं आणि जेवली. भाकरी, शेंगाचटणी, वरण. बारा वर्षांचा उपास असा सरळ मोडला. रेवणप्पा समोर बसला होता. कुणी म्हणेल, बरं झालं, बाईच्या मानेवरचं जू उतरलं. उतरलं कुठलं! उपास होता तोवर तिला लेकरांसाठी काहीतरी करता येत होतं. आता तेही राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं त्याला मामा म्हणणं सोडलं. दुसरंही काही म्हणेना. जेवायला वाढलं की ताट वाजवायची, तो उठून यायचा. अंथरूण स्वयंपाकघरात गेलं. भांडण नाही, तंटा नाही, चाळीत कुणाला पत्ता लागला नाही. हातावर पाणी घालायला मात्र ती रोज उंबऱ्यात उभी असायची, पूर्वीसारखीच.

महादेवीचं लग्न शहात्तरच्या मे महिन्यात झालं. मुलगा घाडगे सरांच्याच ओळखीनं मिळाला, वेळापूरचा ईरप्पा, त्याचं किराणा दुकान होतं. सात पिढ्यांत कुठं नातं नाही ना, हे रेवणप्पानं इतक्यांदा विचारलं की मुलाचा बाप वैतागला. अक्काकडून लग्नाला कुणी आलं नाही. मडिवाळप्पानं तेवढी कुणाच्यातरी हाती एक साडी पाठवली. बिचाऱ्याचा कशातच दोष नव्हता.

त्याच पावसाळ्यात बरण्यांवर रोग आला. माशांच्या अंगावर कापसासारखं पांढरं धरायला लागलं. लाल गेले, काळे गेले, एकजात सगळे. त्यांच्यात एकाला जे झालं ते प्रत्येकाला झालं. पिवळ्यांत एक उरला नाही. निळीची पोरं मात्र निम्मीअर्धी तगली, कारण ती एकसारखी नव्हती. सर उत्साहानं म्हणाले, बघ, वेगळेपणाचा फायदा. रेवणप्पानं रिकाम्या बरण्यांची सुतं सोडली, धुतली, वाळवली. हे घरी सांगावं असं त्याला वाटलं नाही. घरी तो माशांचं काहीच सांगत नसे.

सत्त्याहत्तरला अक्का गेली. निरोप आला तेव्हा दोघं एसटीनं गेले, पण पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. मडिवाळप्पानं सांगितलं की शेवटच्या दिवसांत ती रेवणप्पाला हाका मारायची, पण शुद्धीवर आली की म्हणायची, त्याला बोलवू नका. रेवणप्पा मातीच्या ढिगाशी बसून लहान मुलासारखा रडला. केराबाई त्याच्या शेजारी बसली होती, पण तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

महादेवीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी झालं, अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत. मुलगा झाला. नाव शिवयोगी. बारसं झालं, पाहुणे गेले, आणि दोन खोल्यांत चौघं उरले. तिसरा महिना लागला तसं घरातलं बोलणं आटत गेलं. महादेवीलाही सगळं ठाऊक होतंच. ती पोराला पाजताना मानेखालचा हात काढायला धजत नसे. रेवणप्पा कॉलेजातून आला की हातपाय धुऊन आधी पोराकडं बघे आणि मग नजर दुसरीकडं वळवी. केराबाई पोराला तेल लावी, न्हाऊ घाली, टाळू भरी, सगळं करी, पण त्याच्याशी बोलत नसे.

एका सकाळी महादेवीनं त्याला गोधडीवर पालथं घातलं. पोरानं दोन्ही हात रेटले, डोकं उचललं आणि इकडंतिकडं बघायला लागलं, खुशाल, एखाद्या सावकारासारखं. डोकं पडलं नाही. रेवणप्पानं आत हाक मारली. केराबाई पिठाच्या हातानं बाहेर आली, खाली बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पोराच्या काखांत हात घालून त्याला सरळ उभं उचललं, मानेला हात न लावता. मान ताठ राहिली. पोर तिच्याकडं बघून हसलं. रेवणप्पा हसत होता आणि त्याचे गाल भिजले होते. केराबाईनं नातवाचा मुका घेतला, त्याला महादेवीच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

रेवणप्पा मागोमाग गेला. त्याला वाटलं होतं, आता तरी दोघांना एकत्र रडता येईल. तव्यावरची भाकरी करपायला आली होती आणि केराबाई ती उलटत नव्हती. त्याच्याकडं पाठ करूनच ती बोलली. आतापर्यंत तिला वाटत होतं, मासा म्हणजे मुकं जनावर, त्याचं माणसाला कशाला लागू व्हायचं. मनाच्या एका कोपऱ्यात ती अजून तो राहिलेला नवस आठवत होती. घाडगे सर म्हणाले असते की एका पोरावरून काही सिद्ध होत नाही. पण केराबाई काही लेख लिहायला बसली नव्हती. तिच्या पुरतं सिद्ध झालं होतं.

‘‘तुमाला दुसरी कुनी मिळाली असती, मला दुसरा कुनी,’’ ती म्हणाली. ‘‘तुमची पोरं तुमच्याकडं जगली असती, माझी माझ्याकडं. आज मिसरूड फुटलं असतं.’’

रेवणप्पा ‘व्हय’ म्हणाला. लहानपणापासून त्या एका पोरीवाचून त्याला कुणी आवडलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांच्या लेकरांच्या मुळावर आलं होतं.